एक्सरेत दिसलेला नारू

आमच्याकडे खान्देशात गुडघा दुखला की वात, टाच दुखली की वात, पिंढरी भरून आली तरी वातच. म्हातारं माणूस ओट्यावर गुडघा चोळत बसलेलं दिसलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघून म्हणतात वय झालं आता. वय झालेलं असतंच, त्यात खोटं काही नाही, पण कधीकधी त्या गुडघ्यात अजून काहीतरी असतं आणि ते काय आहे हे त्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. मला त्याबद्दलच, म्हणजे नारू आणि तसेच अंगात शिरणारे बाकीचे जंत यांच्याबद्दल लिहायचंय.

मी धुळ्याला एक्सरे टेक्निशियन आहे. शिंदखेडा, साक्री, शिरपूर, इकडे पारोळा अमळनेर, सगळीकडचे पेशंट येतात आणि त्यात गुडघ्याचे फोटो सगळ्यात जास्त. एकदा शिंदखेडा तालुक्यातले एक बाबा आले होते, ऐंशीच्या आसपासचे, धोतर, टोपी, सोबत नातू. गुडघ्याचा एक समोरून आणि एक बाजूने असे दोन फोटो घ्यायचे होते. स्क्रीनवर इमेज आली तर गुडघ्याच्या खाली, मांसात, पांढरी बारीक वेटोळी रेघ. हाडाला चिकटलेली नाही, सरळ नाही, कुठे तुटक तुटक मणी ओवल्यासारखी, कुठे सलग, आणि मध्येच गुंडाळी झालेली. ओपीडीतल्या नव्या डॉक्टरांना वाटलं रक्तवाहिनीत कॅल्शियम साचलंय, कारण शुगरच्या जुन्या पेशंटमध्ये तसं फार दिसतं. पण रक्तवाहिनीचं कॅल्शियम दिसलं तर ते वाहिनीच्या मार्गानेच जातं, दोन समांतर रेघांसारखं, ते असं कुठेही वळून गुंडाळी करत नाही. म्हणून मी बाबांनाच विचारलं, बाबा लहानपणी पायाला काही झालं होतं का. ते लगेच म्हणाले, "नारू निंघना व्हता ना भाऊ. एक निंघना, दुसरा मधमाच मरी गया."

म्हणजे एक निघाला, दुसरा मधेच मेला, बाहेर न पडता आतच. आणि तोच समोर स्क्रीनवर होता, साठ-सत्तर वर्षांनी. शरीर मेलेल्या जंताभोवती कॅल्शियम साचवत जातं आणि तो तसाच आयुष्यभर मांसात राहतो. नातू माझ्याकडे आणि स्क्रीनकडे बघत राहिला, त्याने नारू हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नीट सांगतो, कारण हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. नारू हा जंत पाण्यातून येतो. उघड्या पाण्यात, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, डबकी, तळी, यात सायक्लॉप्स नावाचा एक बारीक जीव असतो, उजेडात धरलं तर डोळ्याला कसाबसा ठिपका दिसेल एवढा. त्याच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी आपण प्यायलो की पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण पिल्लं मरत नाहीत, ती आतड्याची भिंत ओलांडून शरीरात शिरतात. आत नर-मादी वाढतात, नर मरून जातो आणि मादी वाढत वाढत साठ सेंटिमीटर ते एक मीटर लांब होते, जाडी मात्र एक-दोन मिलिमीटर. हे सगळं व्हायला वर्षभर लागतं आणि या वर्षभरात माणसाला काहीच कळत नाही, तो शेतात जातो, बैल हाकतो, लग्नाला जातो. मग एक दिवस कातडीखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, खाज सुटते, ताप येतो, कधी अंगावर पित्त उठतं, आणि फोड येतो. दहातल्या आठ-नऊ जणांना तो पायालाच, गुडघ्याच्या खाली. त्या फोडाची आग इतकी असते की माणूस पाय पाण्यात घालतो, आणि पाय पाण्यात गेला की मादी आपली लाखो पिल्लं त्या पाण्यात सोडते. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला उतरावंच लागायचं, घोटाभर पाण्यात उभं राहावंच लागायचं. तेच पाणी घागरीत, तीच घागर घरी. असं ते चक्र चालायचं.

आणि दुखणं फोडापुरतं नसायचं. लोक म्हणतात एक जखम होती, जंत निघाला की संपलं, तसं नाहीये. मादी सांध्याच्या जवळून जात असेल तर सांध्यात पाणी भरतं, गुडघा टम्म सुजतो, घोटा हलत नाही, आणि जंतुसंसर्ग नसतानाही आत आग चालू असते कारण शरीर त्या जंताविरुद्ध लढत असतं. कधी जंत थेट सांध्याच्या पोकळीतच शिरतो. आणि बाहेर निघताना तो तुटला, तर त्याच्या आतलं सगळं मांसात सांडतं, मग पाय असा सुजतो आणि पू होतो की विचारू नका. उघड्या जखमेतून जंतुसंसर्ग तर जवळपास निम्म्या पेशंटना व्हायचाच, धनुर्वातही होऊ शकायचा. तो पू सांध्यात गेला की सांधा आतून खराब होऊन कायमचा जाम होतो. आणि अजून एक, जे कोणी सांगत नाही, दुखतं म्हणून माणूस गुडघा वाकवूनच पडून राहतो, आठवडे, महिने, आणि तेवढ्यात मागच्या शिरा म्हणजे स्नायूबंध आखडतात. जखम भरते पण पाय सरळ होत नाही.

माझ्या आजीच्या भावाचं असंच झालं होतं. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो, गाव बुराई नदीच्या काठाला. उजवा पाय गुडघ्यात वाकलेला, टाच जमिनीला टेकायची नाही, चवड्यावर काठी घेऊन चालायचे. आम्हा पोरांना वाटायचं ते जन्मापासूनच तसे असतील. आजीनं नंतर सांगितलं की ते तरुण असताना गुडघ्याच्या मागे नारू निघाला, रोज काडीला थोडा थोडा गुंडाळत होते, तेवढ्यात कोणीतरी घाई केली, पेरणी तोंडावर आलेली, म्हणाला ओढून टाक एकदाचा. तुटला. त्यानंतर त्यांनी पावसाळा खाटेवर काढला आणि उठले ते तसा पाय घेऊनच. पंगतीत त्यांना मांडी घालता यायची नाही म्हणून ते भिंतीला टेकून पाय बाजूला करून बसायचे आणि आजी त्यांना पहिलं वाढायची. वाटणीत त्यांनी जमीन कसायला मागितलीच नाही, उताऱ्यावर नाव होतं पण नांगर धरता येत नव्हता. एका जंतानं पूर्ण घराचं गणित बदलतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

काडीला गुंडाळायची पद्धत मात्र बरोबर होती बरं का, ती आजही तीच आहे. नारूवर औषध नाही, लस नाही, एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. जंताचं तोंड बाहेर आलं की रोज काही सेंटिमीटर, हळूहळू काडीवर किंवा गॉजच्या तुकड्यावर गुंडाळायचा, जखम स्वच्छ ठेवायची, पाय पिण्याच्या पाण्यात जाऊ द्यायचा नाही. पूर्ण निघायला काही दिवसांपासून कित्येक आठवडे. धीर हाच उपचार, आणि पेरणीच्या तोंडावर धीर कुठून आणायचा, म्हणून तुटायचा.

हा रोग आपल्याकडून गेला कसा, ते सगळ्यांनी पोरांना सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सरकारनं १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. १९८४ साली देशात जवळपास ४० हजार रुग्ण होते, १२ हजारांहून जास्त गावांत, आणि राज्यं होती राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू. म्हणजे आपलं महाराष्ट्र त्यात होतं. औषध नसताना रोग संपवला. काय केलं, तर पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, वरून रहाटानं पाणी काढायची सोय केली, हातपंप बसवले, टेमेफॉस नावाचं औषध अगदी मोजून पाण्यात टाकलं म्हणजे सायक्लॉप्स मरतील पण पाणी पिता येईल, आणि घरोघर सांगितलं की पाणी गाळून प्या. बारीक विणीच्या दुहेरी कापडातून सायक्लॉप्स जात नाही, बस एवढंच. आमची आई अजूनही नळाचं पाणी असलं तरी हंड्यावर पांढरं कापड बांधते, तिच्या सासूनं शिकवलेलं. ज्या बायांनी हंड्यावर कापड बांधलं आणि जे आरोग्य कर्मचारी ऊन्हातान्हात वाडीवस्तीवर फिरून प्रत्येक फोड बघत होते त्यांनी हा रोग घालवला, कोणत्या गोळीनं नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं सर्टिफिकेट दिलं. जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये पूर्ण जगात १५. पंधरा लाख नाही, पंधरा माणसं, तीही आफ्रिकेत. आता तिकडे कुत्र्यांमध्ये तो सापडतो म्हणून काम अजून बाकी आहे.

पण रोग गेला म्हणजे त्याचं पायातलं काम गेलं असं नाही ना. ज्यांना लहानपणी, तरुणपणी नारू झाला ती माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आपल्यातच आहेत. आणि त्यांना तपासणारे डॉक्टर पंचवीस-तीस वर्षांचे, त्यांच्या जन्माच्या आधीच नारू संपलेला, त्यांनी तो पुस्तकात एका पानावर वाचला असेल. त्यांचा दोष नाही यात, ते जे रोज बघतात तेच त्यांना आधी सुचणार. त्यामुळे सांगायचं काम घरच्यांचं. मेलेला, कॅल्शियम झालेला नारू बहुतेक वेळा काही त्रास देत नाही, गपचूप पडून असतो, त्याला कापून काढायचीही गरज नसते, घाबरायचं तर अजिबात नाही. पण तो सांध्याच्या अगदी लगत असेल तर दुखणं, ओढल्यासारखं वाटणं होऊ शकतं, आणि जुन्या आखडलेल्या पायामुळे दुसऱ्या गुडघ्यावर, कमरेवर भार येऊन ते झिजतात. हे डॉक्टरांना माहीत असलं की उगाच दुसऱ्या तपासण्या, उगाच भीती वाचते.

आता नारू सोडून. कारण जंत आणि सांधे-स्नायू यांचं नातं नारूपाशी संपत नाही आणि बाकीचे अजून आहेत.

हत्तीरोग सगळ्यांना माहीत आहे, सुजलेला पाय. आपले नंदुरबार आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या सरकारी यादीत आलेले आहेत. क्युलेक्स डास चावतो, घाण पाण्यात वाढणारा, आणि त्यातून बारीक जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे लसिका नावाचा द्रव वाहणाऱ्या नळ्यांत, जाऊन बसतात. पाय सुजायच्या कितीतरी आधी काही जणांना जांघेत गाठ, थंडी वाजून ताप, मांडी-पिंढरीत दुखतं आणि कधी एकच गुडघा सुजतो. एकच गुडघा, तरुण माणूस, मार लागलेला नाही, युरिक अॅसिड नॉर्मल, तर हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो, तो सांधा हत्तीरोगाच्या औषधानं उतरतो. रक्त मात्र रात्रीचं घ्यावं लागतं, साधारण दहा ते दोनच्या मध्ये, कारण जंताची पिल्लं तेव्हाच रक्तात फिरतात. दिवसा घेतलेल्या रक्तात काही निघालं नाही म्हणून विषय संपत नाही. आणि हत्तीरोगासाठी घरोघर डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंत मारायच्या गोळ्या देतात ना, त्या घेतल्यावर काहींना ताप येतो, हातपाय मोडून येतात, मग पूर्ण गल्लीत बोंब होते की गोळी बाधली. ते अंग दुखणं बऱ्याचदा आतली पिल्लं मरतात त्यामुळे होतं, एक-दोन दिवसात जातं. म्हणजे ज्याला जास्त त्रास झाला त्याच्याच अंगात बहुतेक जंत होते, त्याला गोळीची गरज सगळ्यात जास्त होती. फक्त उपाशीपोटी घ्यायची नाही, आणि गरोदर बाई, दोन वर्षांखालचं लेकरू, खूप आजारी माणूस यांना देत नाहीत.

दुसरं, स्नायूतल्या गाठी. मांडीच्या किंवा दंडाच्या एक्सरेत कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतात, भरपूर, आणि सगळे स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनं एकाच लाइनीत. तो डुकराच्या मांसातून येणाऱ्या टेपवर्मच्या अळ्यांचा प्रकार, सिस्टिसर्कोसिस. लोक लगेच म्हणतात आम्ही तर माळकरी, आम्हाला कसा होईल. होऊ शकतो, कारण मांस खाऊन पोटात टेपवर्म होतो हे खरं, पण स्नायूत जी गाठ होते ती त्या जंताच्या अंड्यांतून होते, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून शेतात, पाण्यात, मेथी-कोथिंबिरीवर येतात. न धुतलेली भाजी, न धुतलेले हात, त्याला माळकरी-बिनमाळकरी काही कळत नाही. स्नायू दुखतात, कातडीखाली लहान गाठी लागतात, आणि त्याच अळ्या मेंदूत गेल्या तर फिट येते. म्हणून अंगावर अशा गाठी आणि सोबत फिट असेल तर मेडिकलवरून जंताची गोळी आणून स्वतःच देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. मेंदूतली अळी मरताना सूज येते आणि जिवावर बेतू शकतं, ते औषध डॉक्टर मेंदूचा फोटो बघून, डोळे तपासून, सूज उतरवायच्या औषधासोबतच देतात.

तिसरं अनवाणी पायांचं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ओल्या मातीत दिवसभर अनवाणी काम करणारे मजूर, सातपुड्यातले आपले पावरा-भिल्ल भाऊ-बहिणी, कापूस निंदणाऱ्या बाया. हुकवर्म नावाचा जंत मातीतून तळपायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो, रक्त कमी झालं की चढ चढवत नाही, पिंढऱ्या भरून येतात, अंग मोडून येतं. बाई म्हणते हातपाय गळून गेले आणि घरचे म्हणतात काम नको म्हणून बहाणे करते, हे ऐकलं की मला फार राग येतो. एकदा हिमोग्लोबिन तरी बघा तिचं.

त्याच वाटेनं शिरणारा दुसरा एक जंत आहे, स्ट्रॉंगिलॉइडिस. हा शरीरातल्या शरीरात स्वतःला वाढवत राहू शकतो, वर्षानुवर्ष, काही लक्षण न देता. कधी त्याच्यामुळेही सांधे दुखतात. पण खरी भीती वेगळी आहे. अशा माणसाला सांधेदुखीसाठी स्टेरॉईड दिलं तर शरीराचा पहारा उठतो आणि हा जंत बेसुमार वाढून फुफ्फुसात, मेंदूपर्यंत पसरू शकतो, माणूस दगावू शकतो. आता आपल्याकडच्या बाजारात वाताच्या म्हणून ज्या पुड्या मिळतात, कागदात बांधलेल्या, नाव नाही, कंपनी नाही, एका दिवसात गुडघा मोकळा, अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. आराम पडतो तो त्याचा. शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो ते वेगळंच. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही ती घेऊ नका आणि घरात म्हातारी माणसं घेत असतील तर ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा, पण एकदम बंद पण करू नका कारण खूप दिवस स्टेरॉईड चालू असेल तर अचानक बंद केल्यानंही माणूस कोसळतो.

एवढं लिहून मी असं म्हणत नाहीये की प्रत्येक गुडघ्यात जंत आहे. बहुतेक गुडघे झिजूनच दुखतात, मी रोज तेच फोटो काढतो. चिकनगुनियानंतर सांधे महिनोनमहिने धरून राहतात. आणि नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडचं आदिवासी लेकरू हाडं-सांधे दुखतात म्हणून रडत असेल तर आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, जंताचा विचार नंतर. पण सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी केली की त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशींचा आकडा येतो, तो खूप वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारा की हे जंतामुळे असेल का. अॅलर्जीनंही तो वाढतो, पण विचारायला काय जातं. आणि शाळेत, अंगणवाडीत १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची जी अल्बेंडाझोल देतात ती लेकरांना घेऊ द्या, एक ते एकोणीस वर्षांपर्यंत देतात, हुकवर्मवर ती चालते. ती नारूवर चालत नव्हती आणि एका डोसमध्ये स्ट्रॉंगिलॉइडिसवरही पुरत नाही, म्हणून जंताची गोळी घेतलीय म्हणजे सगळे जंत गेले असं धरू नका.

तर घरी जे आजी-आजोबा आहेत, खास करून पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलेले, त्यांना आज संध्याकाळी निवांत विचारा. नारू झाला होता का, कोणत्या पायाला, पूर्ण निघाला होता की तुटला होता, त्यानंतर पाय किती दिवस धरला होता. मराठीत विचारून आठवलं नाही तर अहिराणीत विचारा, लगेच आठवतं. मग ते दवाखान्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर पेननं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, "लहानपणी नारू, उजवा गुडघा", असं. एक्सरेला आलात की फोटो काढायच्या आधी टेक्निशियनला पण सांगा, म्हणजे आम्ही फोटो थोडा खालपर्यंत, पिंढरीसकट घेतो.